हिमवादळ आणि पूर एकाच दिवशी : घर सोडायचं कधी, हे तुम्ही कसं ठरवता?

नदीकाठची | १२ डिसेंबर, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी.

बर्फाचा इशारा सांगतो, घराबाहेर पडू नका. पुराचा इशारा सांगतो, घर सोडा. दोन्ही एकाच दिवशी आले तर माणसाने ऐकायचं कुणाचं? तीन हिवाळ्यांपूर्वी माझ्यावर ही वेळ आली होती आणि मी चुकले. ती चूक मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

आमचं घर नदीपासून दोन गल्ल्या आत. त्या वेळी आठवडाभर बर्फ पडून साचला होता, जमीन दगडासारखी गोठली होती आणि त्यावर रात्रभर पाऊस येणार होता. पाऊस थांबला की पहाटे तापमान उतरून पुन्हा बर्फ. दुपारी दोनच्या सुमाराला फोनवर पुराचा इशारा आला. मी खिडकीतून नदीकडे पाहिलं. पाणी नेहमीच्या जागी होतं. म्हटलं, संध्याकाळी बघू. संध्याकाळी पाहिलं तरी पाणी काठाच्या आतच. जेवणं झाली, आवराआवर झाली.

साडेदहाला तळघरातून बुडबुडे फुटल्यासारखा आवाज आला. खाली गेले तर फरशीतल्या जाळीतून पाणी वर येत होतं. गढूळ, आणि इतकं गार की त्यात पाय टाकल्याबरोबर कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. नदी अजून काठ सोडून बाहेर आलेलीच नव्हती. गटारं तुंबून पाणी उलटं फिरलं होतं. मी दिवसभर नदीकडे डोळे लावून बसले होते आणि पाणी आलं पायाखालून.

बॉयलर तळघरात, विजेचा मुख्य बोर्डही तळघरात. पाऊण तासात दिवे गेले, मग गरम हवा गेली. गाडी काढावी म्हणून नवरा बाहेर गेला, तर गल्लीच्या सखल टोकाला पाणी साचलेलं. किती खोल, ते अंधारात कळेना. तो परत आला, ते फार बरं झालं. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना वरच्या मजल्यावर नेलं, घरातली सगळी पांघरुणं एकाच पलंगावर टाकली आणि चौघं जण त्यात बसून राहिलो. पहाटे बाहेर बर्फ सुरू झाला. सकाळी नऊला बचाव पथकाची होडी आली तेव्हा सासूबाईंचे ओठ निळे पडले होते आणि त्या माझ्याशी माझ्या नणंदेच्या नावाने बोलत होत्या.

त्या बऱ्या झाल्या. पण दुपारी दोन ते रात्री साडेदहा हे साडेआठ तास माझ्या हातात होते, रस्ते मोकळे होते, आणि मी ते खिडकीशी घालवले.

तेव्हापासून या विषयावर हाताला लागेल ते वाचत आले. सगळ्यात जास्त शिकवलं ते अमेरिकेतल्या ग्रँड फोर्क्स या शहराने. १९९७ सालचा हिवाळा तिथे भयंकर गेला होता, एकामागून एक हिमवादळं. तो सगळा बर्फ वितळला की रेड नदी चढणार हे उघड होतं. हवामान सेवेने हिवाळ्यातच आकडा दिला : ४९ फूट. गावाने जिवाचं रान केलं. वाळूच्या पिशव्या रचून बांध त्या आकड्यापेक्षा थोडे वर नेले. एप्रिलच्या सुरुवातीला आणखी एक हिमवादळ झालं, आणि नदी चढली ती ५४ फुटांच्या वर. जवळजवळ सगळं शहर रिकामं करावं लागलं. पाण्याने वेढलेल्या मध्यवस्तीत आग लागून ११ इमारती जळाल्या, कारण अग्निशमनाच्या गाड्यांना तिथवर पोचताच येईना.

मला हलवून गेली ती पुढची गोष्ट. अशा अंदाजांत पूर्वी कित्येक फुटांची चूक झालेली होती, आणि ती अंदाज देणाऱ्यांना माहीत होती. लोकांना मात्र फक्त ४९ ऐकू आलं. कमीजास्त किती होऊ शकतं, ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. कळलं असतं तर लोकांनी निदान पुराचा विमा तरी घेतला असता. फार थोड्यांनी घेतला होता.

म्हणून आता मी घरासाठी एक गोष्ट ठरवून टाकली आहे. निघायचं की नाही हे नदीकडे बघून ठरवायचं नाही, आणि इशारा आल्यावरही ठरवायचं नाही. ते कोरड्या दिवशी, सगळ्यांनी बसून ठरवायचं. आमच्याकडे असं ठरलं आहे : पूर आणि बर्फ दोन्ही पुढच्या २४ तासांत असतील आणि पुराचा इशारा नारंगी (पिवळा, नारंगी, लाल यातला मधला) असेल, तर सासूबाईंना घेऊन मी दिवसाउजेडी दिराकडे जाते. दिराचं घर उंचावर आहे. पूर आला नाही तर दुसऱ्या दिवशी परत. अशा दोन फेऱ्या आतापर्यंत 'फुकट' झाल्या. मला त्यांचं जराही वाईट वाटत नाही.

तुम्ही काय करता? नेमकं सांगा. 'काळजी घेतो' एवढ्यावर सोडू नका.

*

गारवा | रात्री १०:०५

ताई, वाचून अंगावर काटा आला. सासूबाई सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला.

तरी एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. दहा इशाऱ्यांपैकी सात-आठ वेळा आमच्याकडे काही होत नाही. प्रत्येक वेळी मुलांना, सामानाला घेऊन निघणं नोकरी करणाऱ्याला परवडत नाही. माझे शेजारी तर आता इशारे वाचतच नाहीत. हा दोष लोकांचा म्हणायचा, की इशारे देणाऱ्यांचा?

*

जलमापक | रात्री ११:३०

माझं पोटापाण्याचं काम नद्यांच्या पातळीचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गारवा, 'काही झालं नाही' आणि 'इशारा चुकला' यात फरक आहे. मी म्हणालो की पूर येण्याची शक्यता तीनात एक आहे, तर तीनपैकी दोन वेळा काही होणार नाही, आणि तरीही तिन्ही वेळा मी बरोबरच असेन. लोकांना ते दोनदा खोटं वाटतं. यात आमचाही दोष आहे. आम्ही रंग दाखवतो आणि शक्यता आत कुठेतरी लपवून ठेवतो.

रंगाबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. ब्रिटनच्या हवामान खात्याने २०११ पासून इशारे परिणामांवर बेतले. एका बाजूला घडण्याची शक्यता, दुसऱ्या बाजूला घडलंच तर होणारं नुकसान, आणि या दोन्हींच्या मेळातून रंग ठरतो. त्यामुळे पिवळ्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होऊ शकतात. एक पिवळा म्हणजे 'नक्की होणार, पण किरकोळ त्रास'. दुसरा पिवळा म्हणजे 'होण्याची शक्यता कमी, पण झालं तर जिवावर बेतेल'. रंग एकच. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, रंगाखालचा मजकूर वाचा. तीन-चार ओळी असतात. दुसऱ्या प्रकारचा पिवळा असेल आणि घर सखल जागी असेल, तर मी तो नारंगी समजूनच चालतो.

भारतीय हवामान विभागाचे रंग तर सरळ कृतीच सांगतात : पिवळा म्हणजे माहिती घेत राहा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. मला अडचण दिसते ती लालमध्ये. हिवाळी पुरात लाल येईपर्यंत रस्ता गेलेला असू शकतो.

आता हिवाळ्यातला पूर इतका फसवा का, ते सांगतो. पावसाळी पुरात आभाळाकडे पाहून थोडा तरी अंदाज येतो. हिवाळ्यात पाणी आधीच जमिनीवर येऊन बसलेलं असतं, फक्त बर्फाच्या रूपात. ताजा भुसभुशीत बर्फ १० सेंटीमीटर असेल तर त्यात पाणी साधारण १ सेंटीमीटर. पण महिनाभर दबून घट्ट झालेला बर्फ ३० सेंटीमीटर असला तर त्यात १० सेंटीमीटरपर्यंत पाणी असू शकतं. त्यावर कोमट पाऊस आणि वारा आला की दोन्ही पाणी एकदम सुटतं. खाली जमीन गोठलेली, तिच्यात थेंब मुरत नाही. सगळंच्या सगळं नदीकडे धावतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. नदीवरचा बर्फ फुटतो, त्याच्या लाद्या वाहत येतात आणि पुलाच्या खांबांना किंवा वळणावर अडकून बांध होतो. त्याच्या मागे पाणी बघता बघता चढतं. तो फुटला की खालच्या गावाला लोंढा. असा बांध कुठे आणि किती वाजता होईल, हे आम्हाला आधी सांगता येत नाही. मी स्वतः एका पुलावर उभं राहून हे पाहिलं आहे. मोजपट्टीवरचा आकडा वीस मिनिटं हललाच नाही, आणि नंतर मला तो वहीत उतरवायला सवड मिळेना.

ग्रँड फोर्क्सच्या ४९ फुटांबद्दल थोडी भर. पुढे नेहमीइतकाच पाऊस-बर्फ होईल, असं धरून काढलेला तो आकडा होता. म्हणून इशाऱ्यात पातळी दिली असेल तर विचारायची पहिली गोष्ट : हे काय गृहीत धरून?

*

नवीन_पाहुणा | १३ डिसेंबर, सकाळी ७:१५

मी शिकायला नुकताच अमेरिकेत आलो आहे. आयुष्यातला पहिलाच बर्फाचा हिवाळा. मला 'वॉच' आणि 'वॉर्निंग' यातलं कळत नाही. काल 'विंटर स्टॉर्म वॉच' आला, तो मी वॉर्निंगपेक्षा मोठा समजलो आणि घाबरून बसलो.

*

जलमापक | सकाळी ७:५०

घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. वॉच म्हणजे तसं हवामान तयार होऊ शकतं. वॉर्निंग म्हणजे ते होतंय किंवा होणारच. हिवाळी वादळाचा वॉच बहुतेक एक-दोन दिवस आधी येतो आणि खरी तयारी करायची वेळ तीच. वॉर्निंग आल्यावर दुकानात जाऊ नये. 'ॲडव्हायझरी' म्हणजे त्रास होईल, पण सहसा जिवावर बेतणार नाही.

तुमच्याकडे 'ब्लिझर्ड' हा शब्दही नेमक्या अर्थाने वापरतात. वारा ताशी ५६ किलोमीटर किंवा जास्त, उडत्या बर्फामुळे ४०० मीटरच्या पुढचं दिसत नाही, आणि हे सलग तीन तास. नवा बर्फ पडायलाच हवा असंही नाही, जमिनीवरचा उडाला तरी पुरे.

*

लांबपल्ला | सकाळी ९:१०

मी मालवाहू ट्रक चालवतो. नवीन पाहुण्याला माझ्याकडून काही गोष्टी.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात आणि आसपास हिमवादळाने चाळीसहून अधिक माणसं गेली. काही आपल्या गाडीतच अडकून गेली. इशारा दिवसांआधी दिलेला होता. वाहनबंदी मात्र वादळाच्या दिवशी सकाळी जाहीर झाली आणि तासाच्या आत लागू झाली. तोवर माणसं कामावर निघालेली होती. म्हणून बंदीची वाट पाहू नये. वरिष्ठ म्हणाले तरी मी ब्लिझर्ड वॉर्निंगमध्ये गाडी बाहेर काढत नाही. एकदा त्यावरून कामही गमावलं. गमावू दे.

अडकलातच तर गाडी सोडून चालू लागू नका. समोर शंभर पावलांवर दिवा दिसला तरी नाही, मधल्या पावलांत दिशा हरवते. इंजिन तासाला दहा मिनिटं चालू करायचं, पण दर वेळी आधी उतरून मागच्या धुराच्या नळीवरचा बर्फ हाताने काढायचा. ती बुजली तर धूर आत येतो आणि झोपेतच माणूस जातो. वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी बोटभर उघडी.

आणि पाणी. रस्त्यावर वाहतं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी मोठा माणूस पडतो. ३० सेंटीमीटरमध्ये छोटी गाडी तरंगायला लागते, ६० सेंटीमीटरमध्ये बहुतेक सगळ्या वाहून जातात. अमेरिकेत पुरात बुडून जे मरतात, त्यात निम्म्याहून जास्त गाडी पाण्यात घातलेले असतात. नदीकाठची ताईंचे यजमान गल्लीच्या टोकावरून परत फिरले, हा त्या रात्रीचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता.

*

रात्रपाळी | सकाळी ११:४०

मी परिचारिका आहे, तातडीच्या विभागात. नदीकाठची ताई, सासूबाई दुसऱ्याच नावाने बोलत होत्या असं तुम्ही लिहिलंय. ते वयाचं नव्हतं, थंडीचं होतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली उतरलं की आधी कापरं भरतं, बोटांना बटणं लागत नाहीत, जीभ जड होते, मग माणूस असंबद्ध बोलतो. पुढे कापरं थांबतं. तेव्हा घरच्यांना वाटतं, आता बरं वाटतंय. तीच वेळ सर्वांत धोक्याची. अशा माणसाचे ओले कपडे आधी काढा, छाती, मान, काखा, जांघा ऊबदार करा. हातपाय चोळू नका, एकदम गरम पाण्यात बसवू नका, दारू तर मुळीच नको. शुद्धीवर असेल तरच कोमट गोड काहीतरी पाजा. आणि लगेच मदत बोलवा.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये जे झालं, ते आम्हाला शिकवताना दाखवतात. गरम प्रदेश, घरं थंडीसाठी बांधलेली नाहीत, लाखो घरांची वीज गेली. राज्याच्या आरोग्य विभागाने मोजलेले मृत्यू २४६, आणि त्यातले निम्म्याहून खूप जास्त नुसत्या थंडीने, पुष्कळसे आपापल्या घरात.

काही जण मात्र ऊब मिळवण्याच्या धडपडीत गेले. घरात शेगडी पेटवणं, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणं, जनरेटर दाराशी लावणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखू लागलं तर विचार करत बसू नका, बाहेर पडा. जनरेटर दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब, आणि बॅटरीवर चालणारा या वायूचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ. माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला मी हे सांगते, पुन्हा पुन्हा सांगते, लोक कंटाळतात तरी सांगते.

*

गारवा | दुपारी १:००

जलमापक, 'तीनात एक' हे मला पहिल्यांदाच कुणी असं समजावलं. मत थोडं हललं आहे. पण अडचण तीच राहते. प्रत्येक वेळी निघणं शक्य नसेल तर निदान काय करावं?

*

नदीकाठची | दुपारी २:२५

गारवा, सगळ्यांनी निघायलाच हवं असं मी म्हणत नाही. आमच्याकडे दोन पायऱ्या आहेत. पिवळा आला की घर सोडायचं नाही, पण तळघर सोडायचं. औषधं, कागदपत्रं, गरम कपडे वर. गाडी रस्त्याच्या उंच टोकाला नेऊन लावायची, दुपारीच. फरशीच्या जाळीत आता उलटं पाणी अडवणारी झडप बसवली आहे, तिच्यावर साचलेला कचरा काढायचा. वीज मुख्य बटणापासून बंद करायची असेल तर ती पाणी यायच्या आधी. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही. याला सगळं मिळून चाळीस मिनिटं लागतात, मी मोजली आहेत.

गाडी दुपारीच हलवायची, हे मी मुद्दाम लिहिलं. २९ ऑक्टोबर २०२४ ला स्पेनच्या वालेन्सिया भागात २२० हून अधिक माणसं गेली. तो हिवाळा नव्हता, पण गोष्ट तीच. हवामान संस्थेने सकाळी आठच्या आधीच लाल इशारा दिला होता. लोकांच्या फोनवर धोक्याचा संदेश वाजला तो रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोवर कितीतरी ठिकाणी पाणी शिरलेलं होतं, आणि पुष्कळ जण तळमजल्याच्या, तळघराच्या गॅरेजमधून गाडी वाचवायला उतरले आणि तिथेच अडकले. बऱ्याच गावांत तर त्या वेळी पाऊसही फारसा पडत नव्हता. पाणी वरच्या डोंगरांतून आलं. हे वाचताना मला माझी खिडकी आठवत राहते.

*

खांबावरचा | दुपारी ४:१०

मी वीजवाहिन्यांवर काम करतो. या धाग्यात सगळे 'फोनवर इशारा आला' म्हणताहेत, म्हणून लिहितो. फोन हा इशाऱ्याचा चांगला रस्ता आहे. २०२५ च्या जानेवारीत एओविन वादळ आलं तेव्हा स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या फोनवर आदल्या दिवशी भोंगा वाजला. असे संदेश मनोऱ्यावरून एकदम सगळ्यांना जातात, त्यासाठी तुमचा नंबर लागत नाही आणि फोनच्या लाइनी भरल्या तरी ते अडत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये कुणी ते बंद केले असतील तर आजच चालू करा. माझ्या मुलीच्या फोनवर बंद निघाले. एका रात्री भोंग्याने झोप मोडली म्हणून तिने बंद करून ठेवले होते.

पण मनोऱ्यालाही वीज लागते. डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळात इंग्लंडच्या उत्तर भागातल्या हॉनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पुरात लँकेस्टरचं वीज उपकेंद्र पाण्याखाली गेलं आणि साठ हजारांच्या आसपास घरं अंधारात गेली. थोड्या वेळाने मोबाइलचे मनोरेही बंद पडले. घरातले बिनतारी फोन विजेवरचे, तेही गेले. लोकांना बातमी कळत होती ती फक्त सेलवर चालणाऱ्या रेडिओवर. शाळा बंद की चालू, पाणी प्यायचं की नाही, सगळं तिथून.

माझ्याकडे एक जुना रेडिओ आहे, दोन सेलचा. सेल बाहेर काढून वेगळे ठेवतो, नाहीतर ते आत फुटून तार खातात. केंद्र कुठे लागतं तिथे काट्यापाशी नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे, म्हणजे अंधारात टॉर्च मारून लगेच सापडतं.

गोठत्या पावसाबद्दल वेगळं सांगायला हवं. बर्फ पडतो तेव्हा निदान दिसतो. गोठता पाऊस पाण्यासारखाच पडतो आणि जिथे टेकतो तिथे काचेसारखा चिकटतो. तारेवर बोटभर थर चढला की तारेचं वजन कितीतरी पटींनी वाढतं. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या पूर्व भागात हे पाच-सहा दिवस चाललं, विजेचे हजाराहून जास्त मनोरे वाकले, काही ठिकाणी वीज यायला महिना लागला. म्हणून इशाऱ्यात 'गोठता पाऊस' दिसला की एका रात्रीची नको, बऱ्याच दिवसांची तयारी करा. आणि खाली पडलेल्या तारेजवळ जाऊ नका, ती मेलेली दिसली तरी. आमच्यातले एक जण तसेच गेले.

*

आजोळ | संध्याकाळी ६:३०

माझी आई एकटी राहते. स्मार्टफोन नाही, ऐकू कमी येतं. धागा वाचताना सारखं वाटत होतं, हे इशारे तिच्यापर्यंत पोचणार कसे?

१९५३ सालची उत्तर समुद्राची आपत्ती बऱ्याच जणांना माहीत असेल. ३१ जानेवारी, शनिवारची रात्र. वादळाने समुद्र फुगला आणि नेदरलँड्सचे बांध फुटले. तिथे १८३६ माणसं गेली, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७. हवामान सेवेला धोका दिसला होता, पण नेदरलँड्समध्ये रात्री रेडिओचं प्रसारणच बंद असायचं. शनिवारची रात्र, कचेऱ्या बंद, लोक झोपलेले. पुढे त्यांनी दशकानुदशकं खपून समुद्र अडवणारे प्रचंड बांध आणि दरवाजे उभारले. मला मात्र त्या रात्रीचा बंद रेडिओच आठवतो. माझ्या आईच्या घरी आज तीच स्थिती आहे.

आम्ही गल्लीत एक साखळी केली आहे. इशारा आला की मी दोघींना फोन करते, त्या दोघी पुढच्या दोघींना, आणि शेवटची मला उलट फोन करते. तो उलट फोन आला नाही तर साखळी कुठेतरी तुटली आहे असं समजायचं आणि कुणीतरी चालत जायचं. आईच्या शेजारच्या दादांकडे किल्ली दिली आहे. दार ठोठावून ती ऐकत नाही, म्हणून.

*

रात्रपाळी | रात्री ८:०५

आजोळ, किल्लीचं फार महत्त्वाचं लिहिलंत. सोबत एका कागदावर औषधांची नावं आणि वेळा लिहून तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. ऑक्सिजन, इन्सुलिन, डायलिसिस यांवर असलेल्यांनी तर पिवळ्यालाच हालचाल करायची. त्यांना वीज गेल्यावर वाट पाहायला वेळ नसतो.

*

नवीन_पाहुणा | रात्री ९:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बॅटरीवरचा अलार्म आणला, फोनमधले धोक्याचे संदेश चालू केले. खोलीतल्या सोबत्यालाही हे सगळं वाचून दाखवलं. एक विचारतो, हसू नका. नळाचं पाणी गोठून नळी फुटते असं घरमालक म्हणाले, खरं का?

*

खांबावरचा | रात्री १०:००

हसण्यासारखं काही नाही त्यात. पाणी गोठलं की फुगतं आणि नळी चिरते. फुटलेलं कळतं ते मात्र वितळल्यावर. बाहेरच्या भिंतीलगतचा नळ रात्री बारीक धारेवर सोडा, त्याखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा म्हणजे खोलीची ऊब आत जाईल. आणि आजच मालकांना विचारून पाण्याची मुख्य चावी कुठे आहे ते बघून घ्या, एकदा फिरवूनही बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेली चावी ऐनवेळी अडकते.

*

नदीकाठची | १४ डिसेंबर, दुपारी १२:१०

मंडळी, आत्ताच आमच्याकडे इशारा आला. पूर पिवळा, उद्या पहाटे बर्फ नारंगी. जलमापक, तुम्ही सांगितल्यावरून खालचा मजकूर वाचला. 'शक्यता कमी, परिणाम गंभीर' असंच लिहिलं आहे. आतापर्यंत मी हा पिवळा बघून फोन खाली ठेवला असता.

नदी नेहमीच्या जागी आहे. सासूबाईंची पिशवी भरली, दिराला फोन झाला, गाडी वर उभी आहे. रस्ते अजून कोरडे आहेत. आम्ही एकला निघतो आहोत. तिथे पोचले की लिहिते.

*

गारवा | दुपारी १२:४०

सावकाश जा, ताई. मी पण आत्ता शेजाऱ्यांचं दार वाजवून आलो. त्यांच्या तळघरातल्या वस्तू वर न्यायला दुपारी आम्ही दोघे लागतो आहोत.

*

नदीकाठची | दुपारी ३:०५

पोचलो. सासूबाई खिडकीशी बसल्या आहेत. पाऊस सुरू झाला.